कोरड्या शेततळ्यातली डुबकी

काळ्या रबरी पोशाखात कोंबलेले आमचे व्याही अंदमानच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. समुद्राच्या तळाशी नेणाऱ्या बाईने त्यांच्या दंडावरचा ब्लडप्रेशरचा पट्टा पुन्हा एकदा सोडला आणि मान हलवली. "अंकल, आप नहीं जा सकते." कुठल्याच सभेत कधी न हरलेला माणूस हातभर पट्ट्यासमोर हरला. व्याह्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं.

आमच्या व्याह्यांइतका सभेवाचून श्वास न घेणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. त्यांच्या गावाच्या आणि आमच्या गावाच्या मध्ये एक माळ आडवा, बाकी सगळं सारखंच. उमेदीची वर्षं त्यांनी गावच्या उपसा सिंचन सोसायटीचं चेअरमनपद केलं. धरणातलं पाणी मोटारींनी उचलून शेतावर आणायचं, एवढंच त्या सोसायटीचं काम. पाइप पुरले, मोटारी बसल्या, आणि पाणी यायच्या वर्षी धरण आटलं. पुढे धरणात पाणी असलं की वीज नसायची, आणि दोन्ही असलं की पाइप फुटलेला असायचा. सोसायटीने शेताला पाणी दिलं नाही, पण सभा एकही चुकवली नाही. ती सवय त्यांनी घरी आणली. भाजी कोणती करायची यालाही सूचक लागे, अनुमोदक लागे. माझ्या लेकाला मुलगी द्यायची हेसुद्धा त्यांनी घरात हात वर करायला लावून मंजूर करून घेतलं. त्यांच्या बायकोने हात वर केला नाही, तर "एक सदस्य तटस्थ" म्हणाले आणि सुपारी फोडली. मी चौथी शिकलेली, तटस्थ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाई बिचारी लग्नापासूनच तटस्थ असावी.

अंदमानचं खूळ त्यांच्या डोक्यात टीव्हीवरून शिरलं. एक माणूस पाठीला टाकी बांधून समुद्राच्या पोटात फिरत होता आणि मासे त्याच्या नाकाजवळून जात होते. व्याह्यांचा घास हातातच राहिला म्हणे. दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर दोन्ही घरांची सभा भरली.

"म्हाताऱ्यांपासून नातवंडापोतर समद्यांनी समुद्राखाली जायचं. सूचक मी. अनुमोदक कोन?"

मी म्हणाले, "गावात टँकर येतो तवा बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात, आन तुमी बुडायला निघालात? कशापायी?"

"म्हनूनच की, इहीनबाई. जलमभर पानी मागितलं. डोक्याच्या वर किती असतं ते एकदा आतून बघू द्या."

 मी चहा ठेवायला आत गेले. तेवढ्यात त्यांनी मला अनुमोदक धरलं.

माझा लेक आणि सून नोकरीला, त्यामुळे तिकिटं निघाली. आडवी आली ती अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकणारी आमची नात. तिने त्यांचं ब्लडप्रेशर पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "आजोबा, हे असंच राहिलं तर तुम्हाला पाण्यात कुणी सोडणार नाही." व्याह्यांनी तिथल्या तिथे सभा भरवून स्वतःचं मीठ बंद केलं. लोणचं, पापड, ठेचा, सगळं गेलं. जिभेला आयुष्यभर चटक असलेला माणूस अळणी पिठलं खाऊ लागला. त्यांचा निश्चय मोडावा म्हणून मी त्यांच्यासमोर बसून ठेचा खायची. ते ढळले नाहीत. माझंच पित्त उठलं आणि नातीने मला चार दिवस ताकभातावर ठेवलं.

मग सराव. विहिरीने तळ दाखवलेला, धरणाला भेगा. म्हणून सराव ठरला व्याह्यांच्या शेततळ्यात. पावसाचं पाणी साठवायला खणलेला, प्लास्टिक अंथरलेला तो मोठा खड्डा. त्यात साठली होती धूळ. रोज सकाळी आम्ही सगळे तिथे पालथे पडून, नाक चिमटीत धरून, तोंडात नळीचा तुकडा घालून पाय मारायचो. समुद्रात पोहता आलं नाही तरी चालतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. व्याही काठावरून ओरडायचे, "इहीनबाई, तुमी पवत न्हाईत, झोपल्यात! पाय मारा!" मी जोरात पाय मारले आणि लुगड्यात गुरफटून घसरत थेट तळाला गेले. काठावर गाव जमलेलं. टँकरवाला म्हणाला, "आजी, सोडू का पानी?" तो चेष्टाच करत होता, पण बायांनी त्याला खऱ्याखुऱ्या शिव्या घातल्या. आमचं पाणी त्या म्हातारीवर सांडतोस काय, म्हणून.

निघताना व्याह्यांनी घरच्या पाण्याचा कॅन बरोबर घेतला. परमुलखाचा भरवसा काय! विमानतळावर तपासणीवाला म्हणाला, पाणी आत जात नाही, ओतून टाका. ओतून टाका! आमच्याकडे कुणी तोंड धुतलेलं पाणीसुद्धा ओतत नाही, ते झाडाला जातं. व्याह्यांनी रांगेतच सभा घेतली. ठराव झाला की ओतायचं नाही, प्यायचं. लहानथोर सगळे उभ्या उभ्या तो कॅन प्यायलो. सगळ्यात जास्त मी प्यायले, कारण उरलेलं पाणी मला बघवत नाही. लोक मला विचारतात, विमान कसं असतं? मला त्याच्या संडासाची कडी तेवढी नीट आठवते. दाराबाहेर आमच्याच घरची रांग होती.

समुद्र पहिल्यांदा पाहिल्यावर व्याह्यांनी ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढं पानी आन कुनाच्याच कामाचं न्हाई. ही तर आमचीच सोसायटी हाय की!" पण अंधार पडेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी ते असे खुर्चीत. नातीने त्यांचा हात धरला होता. मी आधीच ठरवलं होतं की आपण किनाऱ्यावर बसून मासे बघायचे, तेही तळलेले. आता व्याही सभा बोलावतील, ठराव करतील, मी विरोध करीन, असं मला वाटलं. विरोधाची तयारीही मी मनात केली. पण त्यांनी हात वर करायला कुणालाच सांगितलं नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माझ्या जागी जाता का?"

असं विचारल्यावर भांडायचं कसं? मी दंड पुढे केला. माझं ब्लडप्रेशर तरण्या पोरीसारखं निघालं. जन्मभर दुसऱ्यांचं वाढवत आले, माझं कशाला वाढेल! तो रबरी पोशाख मला चढवायला सून आणि नात दोघी लागल्या. आरशात पाहिलं तर पावसाळी छत्री मिटून ठेवावी तशी दिसत होते. त्या बाईने मला पाठीला धरून खाली नेलं. आधी मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, व्याह्यांना दोन शिव्या घातल्या. मग डोळे उघडले. पिवळे मासे होते, निळे होते. त्यांना माझी काही पडलेली नव्हती. मी मान वर केली आणि तशीच राहिले.

वर आले तर व्याही गुडघाभर पाण्यात येऊन उभे.

"काय होतं?"

"मासे."

"ते न्हाई हो. वर पानी किती होतं?"

"लई."

"लई म्हंजी?"

"तुमचं गाव, आमचं गाव, तुमचं धरण, समदं तळाला ठिवलं तरी वर पानीच."

 ते नुसते मान हलवत राहिले.

परत आल्यावर ते आमच्याकडे आले की चहा होईपर्यंत तेच विचारायचे आणि मी तेच सांगायची. खोटं कशाला बोलू, दर खेपेला मी थोडं पाणी वाढवत गेले. व्याही त्यानंतर दोन उन्हाळे जगले. त्या सहलीला गेलेले बाकीचे आम्ही सगळे अजून आहोत, पण वर पाणी किती होतं ते आता कुणी विचारत नाही.