एक मिनिट शांतता, तीही लाइव्ह

“शेवटी एक मिनिट शांतता पाळू. लाइव्ह,” जेरेमी म्हणाला.

जेरेमी आमचा स्टेशन मॅनेजर. मी ब्रॉडकास्ट इंजिनिअर, म्हणजे बोलणारे बोलतात आणि ते ऐकणाऱ्यांपर्यंत पोचतंय ना, हे मी बघते. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागात, खाली दुकान असलेल्या एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं स्पोर्ट्स रेडिओ स्टेशन आहे. त्या शनिवारी सकाळी स्टेशनच्या इतिहासावर कार्यक्रम चालू होता. ज्यांनी ते सुरू केलं ते विन्सेंट अंकल नुकतेच गेले होते. त्यांच्या पत्नी, आंटी डोरिस, पाहुण्या म्हणून स्टुडिओत बसल्या होत्या.

“शांतता नाही पाळता येणार,” मी म्हटलं.

“व्हाय नॉट? गप्प बसायचं, दॅट्स ऑल, लाह.” वाक्याला ‘लाह’ जोडायची इथे सगळ्यांना सवय.

रेडिओवर गप्प बसणं इतकं सोपं नसतं. आमचा आवाज इंटरनेटवर जातो तो एका सर्व्हरमधून. तिथे सायलेन्स डिटेक्टर नावाचा पहारेकरी बसवलाय. पंधरा सेकंद काही ऐकू आलं नाही की स्टेशन बंद पडलं असं तो धरून चालतो आणि आपणहून बॅकअपचं रेकॉर्डिंग वाजवतो. आमच्या बॅकअपमध्ये पहिलीच होती बुटांची जाहिरात. ढोल, शिट्ट्या आणि “गो, गो, गो!” म्हणून किंचाळणारा माणूस. श्रद्धांजलीच्या ऐन मध्यात, त्या बाईंसमोर!

सर्व्हर बाहेरच्या कंपनीचा. त्यांच्या सपोर्टवर तेव्हा प्रसाद होता. मूळचा डोंबिवलीचा, इथल्याच बुकित पंजांगमधल्या फ्लॅटमधून काम करतो. मी त्याला फोन लावला.

“प्रसाद, डिटेक्टर पाच मिनिटं बंद कर.”

“ताई, वीकेंडला चेंज फ्रीझ असतो. सेटिंगला हातच लावायचा नाही. दोन मॅनेजरांचं अप्रूव्हल लागतं.”

“अरे, माणूस गेलाय!”

“मला कळतंय हो. पण इथे बटणच दाबलं जात नाही, मी काय करू?”

त्याला लाइनवर थांबवून मी जेरेमीकडे वळले. “दहाच सेकंद पाळू या?”

“टेन सेकंद? कॅनॉट. अनाउन्स झालंय ऑलरेडी.”

अनाउन्स करायच्या आधी इंजिनिअरला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. मी चडफडले. बरं, स्टुडिओतला माइक उघडा ठेवावा, तर तिथे टाचणी पडली तरी आवाज नाही. भिंतींना फोम लावून मीच ती व्यवस्था केलेली.

काचेपलीकडे आंटी डोरिस सुरुवातीच्या दिवसांबद्दल सांगत होत्या. विन्सेंट स्टेडियममधून साध्या फोनवर कॉमेंट्री करायचे आणि त्या याच खोलीत बसून ती पुढे पाठवायच्या. “लाइन सारखी तुटायची. मग मी स्टेडियमचा आवाज लावायची. त्यानं आधीच टेप करून दिलेला. लोकांना वाटायचं, विन्सेंट पाणी पितोय.”

मी ताडकन उठले. कोणी न बोलता नुसता जागेचा जो आवाज रेकॉर्ड करतात, त्याला आम्ही ॲम्बियन्स म्हणतो. लाइन्स सुधारल्या, सगळं ॲपवर आलं, तरी विन्सेंट अंकलनी ही सवय सोडली नव्हती. मॅचआधी मैदानात माइक उघडून गप्प उभे राहायचे. त्या फाइल्सनी डिस्क भरते म्हणून मी दर महिन्याला कुरकुर करायची. हाताला लागली ती फाइल ओढली. पूर्ण ऐकायला वेळच नव्हता.

सगळे उभे राहिले. मी बटण दाबलं.

मैना कलकलत होत्या. झेंड्याच्या दोऱ्या खांबावर टक्‌टक् आपटत होत्या. लांब कुठेतरी गवत कापायचं मशीन. आवाजाचा मीटर हिरवा, छान. मग मशीन थांबलं, मैना उडाल्या असाव्यात, वाराही पडला. मीटर सरसर खाली आला.

“ताई, काउंट सुरू झाला,” प्रसाद फोनवर कुजबुजला. “आठ... नऊ... दहा...”

मी कधी नव्हे ते देवाचं नाव घेतलं.

“अकरा... बारा...”

फाइलमध्ये कोणीतरी खोकलं. चांगलं घसा खाकरून, दोनदा. मीटर उसळला.

“रीसेट झाला!” प्रसाद ओरडला. तेवढ्यात मैनाही परतल्या आणि मिनिट संपलं.

मी मटकन खुर्चीत बसले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. काचेपलीकडे आंटी डोरिस डोळे पुसत हसत होत्या.

“तो खोकला त्याचाच,” त्या माइकवर म्हणाल्या. “किती वेळा सांगितलं, सिगरेट सोड. नेव्हर लिसन, लाह.”

कार्यक्रमानंतर त्यांनी ती फाइल फोनवर मागून घेतली. गाडीत बसेपर्यंत दोनदा ऐकली.

त्या दिवशी मी एक शिकले: रेडिओवर शांतता पाळायची असेल, तर आधी आवाजाची सोय करावी. सोमवारी मी पुढच्या वेळेसाठी डिटेक्टर बंद करायची परवानगी मागितली. दोन मॅनेजरांपैकी एकाचं अप्रूव्हल अजून यायचंय.