पाणी ओलांडलं की इंटरनॅशनल

तारापूरच्या अणुवीज प्लांटच्या बांधकामावर एकत्र असलेले आम्ही चौघं अजून अधूनमधून बोईसरला जमतो. पहिल्या चहाला गुडघे, ब्लडप्रेशर आणि सुना. दुसऱ्या चहाला कोणीतरी हमखास म्हणतं, "जुव्याचं ते आठवतंय का?" आणि मग संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. दर वेळी एखादा नवाच किस्सा निघतो आणि चौघंही छातीठोकपणे सांगतात, की आपण तिथे होतो. मी मात्र खरंच होतो. शिट्टी माझ्याच तोंडात होती!

साठच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा कराडचा, तारापूरला एका कंत्राटदाराकडे टाइमकीपर. शिफ्ट सुटल्याची शिट्टी माझ्याकडे असायची. एवढ्या एका गुणावर मला फुटबॉलचा रेफरी केलं. ऑफसाइड म्हणजे काय हे पहिला सीझन संपेपर्यंत मला कळलं नव्हतं. खेळणाऱ्यांनाही कळलं नव्हतं, म्हणून निभावलं.

स्पर्धा शील्डची. टीम कुठल्या? प्लांट, परदेशी साहेब लोक, नवापूर, कुंभवली, वाणगाव आणि जुवं. जुवं म्हणजे नवापूरच्या अलीकडे खाडीत असलेलं एवढंसं बेट. मासेमारी करणाऱ्यांची मोजकी घरं, एका टोकाला देऊळ, दुसऱ्या टोकाला विहीर. मधे वाळू, आणि वाळूत फुटबॉल.

कॅप्टन दामू. जुव्याची येण्याजाण्याची होडी तोच चालवायचा. पहिल्याच मॅचच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "शिट्टीभाऊ, नीट बघा हां, आमची इंटरनॅशनल हाय."

मी म्हटलं, अरे, समोर वाणगावची टीम आहे, इंटरनॅशनल कसली?

"पानी ओलांडून आलो ना? पानी ओलांडलं की इंटरनॅशनल."

या हिशेबाने जुव्याची प्रत्येक मॅच इंटरनॅशनल होती. दामूच्या बायकोला बाजारातून मीठ आणायचं असलं, तरी ती फॉरेन टूर!

*

त्यांचा गोलकीपर पांडू. आलेला बॉल त्याच्या हातून सुटला असं फायनलपर्यंत मी कधी पाहिलं नाही. पंचाईत वेगळीच होती. पकडलेला बॉल तो परतच देईना! पोटाशी धरून बसला तो बसला. मी शिट्ट्या मारून दमलो. शेवटी विचारलं, बाबा रे, अडचण काय आहे?

"हाती लागलेलं परत टाकायची आमच्यात रीत नाय."

दामूने त्याला कोपऱ्यात नेऊन बरंच समजावलं. शेवटी तोडगा निघाला: लहान मासा आपण परत सोडतो की नाही, तसा हा बॉल अजून लहान आहे असं समजायचं. त्यानंतर पांडू बॉल सोडायला लागला. पण सोडताना दर वेळी त्याचा चेहरा पडायचा.

*

मैदानावर जुव्याची भाषाही निराळी होती. डावं-उजवं नाहीच. उजवीकडे म्हणजे 'देवळाकडं' आणि डावीकडे म्हणजे 'विहिरीकडं'. बेटावर ठीक आहे हो, पण हे प्लांटच्या मैदानावरही तेच ओरडायचे! कुंभवलीचा एक बॅक अख्खी मॅच देऊळ शोधत होता. मॅच संपल्यावर मला विचारतो, "या ग्राउंडवर देऊळ आहे कुठं?"

*

जुव्याच्या टीममध्ये दोघं चांगले खेळाडू राहायला वाणगावचे. स्पर्धेचे सेक्रेटरी देवधर, स्टोअर्समधले. त्यांनी हरकत घेतली. गावाच्या टीममध्ये गावचाच माणूस हवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दामूने होडीतून हिरा आजीला आणलं. हिरा आजी म्हणजे जुव्याचं कोर्ट. कोण कोणाचा कोण, हे तिने सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. त्या दोघांच्या आज्या जुव्याच्या माहेरवाशिणी आहेत, हे तिने आधी सांगून टाकलं. मग देवधरांकडे रोखून बघितलं.

"बाई लगीन होऊन गेली म्हनून परकी झाली काय? तिचा नातू तो आमचाच."

देवधरांच्या मागे त्यांची बायको उभी होती, रत्नागिरीची. तिने नुसतं "अगदी बरोबर" म्हटलं. देवधरांनी मुकाट्याने फळ्यावर नियम लिहिला: ज्याची आजी ज्या गावची, तो त्या गावचा. वर प्रत्येक टीमला वाचूनही दाखवला.

*

साहेब लोकांची मॅच जुव्यावर ठेवली, ही देवधरांची चूक. साहेब बूट घालून आले आणि ओल्या वाळूत घोट्यापर्यंत रुतले. जुव्याची पोरं अनवाणी. चार-शून्य! त्यात मधेच भरती लागली आणि एक गोल तर अक्षरशः पोहत गेला. तो धरायचा की नाही यावर माझा अजून निर्णय झालेला नाही.

हरल्यावर त्यांचा मोठा साहेब दामूपाशी आला. खिलाडू माणूस. दुभाषा मी. एवढंसं बेट, एवढी चांगली टीम, हे तुम्हाला जमतं कसं, असं त्याने विचारलं. दामूने डोकं खाजवलं.

"मोठ्या गावात अकरा खेळतात नि बाकीचे बघतात. आमच्याकडं बघायला मानूसच उरत नाय."

साहेबाने दामूशी हात मिळवला आणि तो होडीत बसला.

*

आता फायनल. जुवं विरुद्ध प्लांट, प्लांटच्या मैदानावर.

आदल्या दिवशी देवधरांनी दामूला बोलावून सांगितलं होतं, की दर वेळी अकरा जमवताना तुमची दमछाक होते, शील्ड जिंकलीत तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी नवापूरच्या टीममधून खेळा. बोलले चांगल्या मनाने, पण दामूला ते फार लागलं. होडीतून उतरताना मला म्हणाला, "नवापूरची मानसं चांगली हायत. पन जुव्याचं नाव जाईल ना, शिट्टीभाऊ." मला खरंच वाईट वाटलं. रेफरी असून मनातल्या मनात मी जुव्याचा झालो होतो.

प्लांटकडे मोहन नावाचा वेल्डर होता, परळला वाढलेला. अफाट खेळायचा. त्या दिवशी तर त्याने कमालच केली. दामू "देवळाकडं" ओरडला की बॉल पोचायच्या आधी मोहन तिथे हजर! "विहिरीकडं" म्हटलं की तिथेही हाच! जुव्याने जीव तोडून दोन गोल केले. मोहनने एकट्याने तीन केले. मी शेवटची शिट्टी वाजवली आणि दामू मैदानातच मटकन खाली बसला.

मोहन त्याला उठवायला गेला. दामूने हात धरला, पण आधी विचारलं, "आमची बोली तुला कोनी शिकवली?"

"बोली कसली? माझी आजी म्हणायची, देवळाकडच्या हाताने जेव, विहिरीकडच्या हाताने नको. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं म्हणतात."

गोलच्या मागे टोपली पालथी घालून बसलेली हिरा आजी उठली. सावकाश चालत मोहनपाशी आली.

"नाव काय तुज्या आजीचं?"

"भानू. मी लहान असतानाच गेली."

हिरा आजीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माजी धाकटी बहीन," ती म्हणाली.

तेवढ्यात देवधर शील्ड घेऊन आले आणि त्यांनी मोठ्याने रिझल्ट वाचला: प्लांट तीन, जुवं दोन.

हिरा आजीने पदराने डोळे पुसले आणि मोहनचं मनगट न सोडता देवधरांकडे वळली.

"शिकलेलं मानूस तुमी, तीन नि दोन पाच होतात. प्लांटवाल्यांचा एक तरी झाला काय?"