अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. पोलादपूरला शाळेत सायन्स शिकवतो, त्यामुळे इथे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण मनात ठेवूनही राहवत नाही.

आमचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. आई ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. वाडीतल्या लाईटचा कारभार लहरी, त्यात उन्हाळ्यात विजा — म्हणून महेश वायरमनकडून मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला. परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंगही केलं. जाताना तो म्हणाला, "सर, जादा आलेला करंट या खड्ड्यातनंच जमिनीत जाणार. माती सुकली तर वरची डबी काय कामाची नाय. उन्हाळ्यात पाणी घालत ऱ्हावा."

मी ऐकलं आणि विसरलो. माझ्या बायकोने, सुनंदाने, मात्र ते मनावर घेतलं. मे महिन्यात आमच्याकडे पाणी टँकरचं. भांडी घासायलाही जपून वापरायचं, आणि ही रोज सकाळी कळशीभर पाणी त्या खड्ड्यात ओतायची! मी चिडवायचो, "देवाला तांब्या आणि खड्ड्याला कळशी?"

"देव घेईल हो समजून," ती म्हणायची. "वीज घेणार हाय का?"

माघात सुनंदा गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मग मी स्वयंपाक शिकलो, आईच्या औषधांच्या वेळा पाठ केल्या... खड्डा डोक्यातूनच गेला.

मे महिन्यात एका दुपारी आभाळ भरून आलं. पाऊस चार थेंबच पडला, पण वीज वाडीच्या लाईटच्या डीपीजवळ कोसळली. लाईट गेली. आईला सिलेंडरवर घेतलं. संध्याकाळी लाईट आली तेव्हा शेजाऱ्यांचे टीव्ही, फ्रिज, पंखे — सगळं जळालेलं. मी मशीनचं बटण दाबलं. मशीन चालू झाली.

दुसऱ्या दिवशी महेश आला. प्रोटेक्टरची हिरवी खूण लाल झाली होती, म्हणजे दणका त्यानेच झेलला होता. मग त्याने खड्ड्याचं झाकण उचलून आत बोट घातलं. "चांगली ओली ठेवलीत माती. म्हणून वाचलं सगळं."

मी बघतच राहिलो. आजूबाजूच्या जमिनीला भेगा पडलेल्या. जवळ नळ नाही, पाईप नाही. शेजाऱ्यांना विचारलं, पण टँकरचं पाणी दुसऱ्याच्या खड्ड्यात कोण ओतणार? माती ओली कशी राहिली, ते मला आजही सांगता येत नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "परसापर्यंत आली रे ती. मग घरात कशी नाय आली?"

मला रडू आवरेना.

आता रोज सकाळी मीच पाणी घालतो. एकदा बंद करावं, माती सुकू द्यावी आणि मागच्या दारात बसून वाट बघावी, असं फार वाटतं. पण आत आईची मशीन चालू असते, तो धोका पत्करता येत नाही. आणि मी पाणी घालतोय तोवर सुनंदाला यायचं काही कारणच नाही.