विहिरीच्या रानाचा फेरफार

घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला. कारणे लिहिणार नाही. निलंग्याकडचे विहिरीचे रान तिच्या नावे करून देण्याचे मी कोर्टात लिहून दिले होते. वकिलाचे काम तिथे संपले. पुढचे कागद मी स्वतः करायचे ठरवले.

ते दुष्काळाचे वर्ष होते. शिवारात पाणी धरून असलेली तेवढी एकच विहीर. तलाठ्याकडे हुकूमनाम्याची नक्कल देताच धाकट्या भावाने हरकत घेतली : जमीन वडिलोपार्जित आहे, एकट्याला देता येणार नाही.

घरी तो म्हणाला, "दादा, कोरडं रान दे की. विहीर कशापायी? गेलेल्या बाईसाठी लई उदार होऊन राहिलास."

"सही माझी आहे," मी म्हणालो.

ते रान मला आईच्या वडिलांनी लहानपणी बक्षीस दिले होते. पुरावा निजामाच्या काळच्या कागदात. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जुन्या ठिकाणी सांगत, दफ्तर तिकडे गेले; नव्या ठिकाणी सांगत, अजून आले नाही. पाचव्या खेपेला गठ्ठे सापडले. वरच्या चिठ्ठ्या उर्दूत होत्या. कारकुनाला वाचता येईनात. माझे शिक्षण उर्दूतूनच झालेले. मी जमिनीवर बसून गठ्ठे सोडले आणि दुपारपर्यंत नोंद काढली. रीतसर नक्कल घेतली, मराठी तर्जुमा केला, खाली सही केली.

सुनावणीला नायब तहसीलदारांनी तर्जुमा बाजूला सारला. "तुम्ही हितसंबंधी आहात. तुमचं वाचन कसं धरू?"

"माझं हित कोणतं, साहेब? या कागदानं जमीन माझ्या हातून जाते. जमीन जावी म्हणून कोणी खोटं वाचतं का?"

भाऊ मागून म्हणाला, "ह्यो वाचंल साहेब! डोकं फिरलंय त्याचं."

"फिरलेल्या डोक्यानं वाचलंय असं वाटत असेल, तर दुसऱ्याकडून वाचून घ्या," मी म्हणालो. "तोवर मी इथंच बसतो."

साहेबांनी उर्दू जाणणाऱ्या, कचेरीतल्या निवृत्त पेशकाराला बोलावले. त्यांनी चष्मा लावून नक्कल वाचली. एका शब्दाचाही फरक निघाला नाही. हरकत फेटाळली गेली.

फेरफार मंजूर झाल्यावर सातबाऱ्याचा उतारा घेऊन मी तिच्या भावाच्या घरी गेलो. ती दारातच उभी राहिली. तिने उतारा दोनदा वाचला.

"विहिरीचं लिहिलंय का?"

मी ओळ दाखवली.

"मग उद्यापासून तुमचे बैल तिथं पाण्याला आणू नका."

"नाही आणणार."

तिने ‘बसा’ म्हटले नाही. म्हणायचे कारणही नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी बैल कोसभर लांब, नदीतल्या झऱ्यावर नेऊ लागलो. वाट माझ्या धाकट्या भावाच्या दारावरून जात होती. दुसरी वाट होती. मी ती धरली नाही.