बी.कॉम.नंतरची बारावी

माझी पुतणी, घरात सगळ्यांची बबी, विमानतळावर प्रवाशांचं सामान वजन करून घेणाऱ्या काउंटरवर बसते. बॅग चढली की आकडा बघायचा, चिठ्ठी चिकटवायची, हसायचं. सहा वर्षं हसून झाल्यावर एक दिवस ती वैमानिक प्रशिक्षण संस्थेत अर्ज घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. अर्जासकट.

"काय गं, काय झालं?"

"काकू, पदवी कुणी विचारतच नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित होतं का, तेवढं सांगा म्हणाले."

बी.कॉम. पहिल्या वर्गात, पण बारावी कॉमर्सची. तिचे वडील, म्हणजे माझे मोठे दीर, बसचे ड्रायव्हर. ते उसळलेच. "मला दहावीवर अख्खी बस दिली, आणि तुला पदवी असून अर्जसुद्धा घेत नाहीत?"

"बाबा, बस बंद पडली की तुम्ही कडेला घेता. मी कुठे घेऊ?"

भावजींनी विषय सोडला आणि माझ्याकडे चहा मागितला.

मुक्त शाळेतून नुसते हे दोन विषय देता येतात, हे तिनंच शोधून काढलं. संस्थेची ही तुकडी हुकली तर पुढची थेट दोन वर्षांनी, त्यामुळे दोन्ही याच खेपेला सुटायला हवे होते. पहाटेची पाळी करून ती दुपारी यायची आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर त्रिकोणमितीशी झटापट करायची. मी कॉलेजात फिजिक्स शिकलेली. आठवेल ते मी तिला सांगायचे, आठवणार नाही ते ती मला सांगायची.

लेखी पेपर बरे गेले. घोटाळा झाला प्रॅक्टिकलला. स्प्रिंगला एकेक वजन अडकवायचं, ती किती ताणली ते पट्टीवर वाचायचं आणि आलेख काढायचा. आलेख सरळ रेषेत यायला हवा. हिचा आला जिन्यासारखा. पायऱ्या मोजाव्यात असा.

तिनं आकडे पुन्हा पाहिले आणि कपाळावर हात मारला. काउंटरवर बॅग तेवीस किलो आणि वर तीनशे ग्रॅम भरली, तर वरचे ग्रॅम ती सोडून देते. म्हातारं माणूस असलं तर हमखास. त्याच सवयीनं तिनं इथले सगळे मिलिमीटर माफ करून टाकले होते!

शेजारची सतरा वर्षांची मुलगी कुजबुजली, "ताई, रेघ ओढा ना सरळ. कोण बघतंय?"

बबीनं सगळं पान खोडलं आणि हात वर केला. "सर, माझी रीडिंग्ज चुकलीत. पुन्हा घेऊ?"

"वीस मिनिटं राहिलीत. कशी काय चुकली?"

"मी वरचे मिलिमीटर माफ केले, सर."

"कुणाला?" परीक्षकांनी विचारलं, आणि वर्गभर हशा पिकला.

ती हसली नाही. वीस मिनिटांत तिनं सगळी वजनं पुन्हा टांगली.

निकाल लागला त्या दिवशी भावजी चष्मा लावून गुणपत्रिका घेऊन बसले. गणित पास. फिजिक्स पास. अर्जाची वाट मोकळी! तरी त्यांचं बोट प्रॅक्टिकलच्या आकड्यावर थांबलं. तीसपैकी सत्तावीस.

"हे तीन कशाचे कापले?"

"पान खोडलं ना, बाबा. त्याचे असतील."

"मग कापू देत," भावजी म्हणाले, आणि गुणपत्रिका उलटी धरून बराच वेळ वाचत राहिले.