अक्काच्या ओट्यावर तुटक्या खुर्च्या

मागच्या रविवारी नरडाण्याला मावशीकडे गेलो. आम्ही तिला अक्का म्हणतो, एकटीच असते. ओट्यावर एक अनोळखी माणूस बसलेला, दारात मोटरसायकल, तिच्यावर तुटक्या पाठीच्या प्लास्टिक खुर्च्या बांधलेल्या… आणि तो अक्काला विचारत होता, "तुम्ही पाणी कमी पिता का हो?"

मी विचारलं, आपण कोण? म्हणाला, "मी सादिक, शिंदखेड्याचा. मांडववाल्याकडे कामाला आहे."

मांडववाल्याला अक्काच्या पाण्याशी काय करायचंय? बातमीदारीत आयुष्य गेलं की डोक्यात आधी वाईटच येतं. फिल्टर विकणारा असेल, कसली पावडर विकणारा असेल… किंवा म्हातारी एकटी राहते का, हे बघणारा. गाडीच्या नंबराचा गुपचूप फोटो काढला.

खरा घोळ पुढे होता. त्याचा प्रश्न बरोबर होता. अक्का पाणी पीतच नाही. या उन्हाळ्यात लघवीच्या इन्फेक्शनने दोनदा धुळ्याला ॲडमिट झाली. डॉक्टर रागावले, मी रागावलो, ती नुसती मान हलवायची. मग हे याला कोणी सांगितलं? माझा संशय दुप्पट झाला.

त्याने एक खुर्ची सोडून पुढे ठेवली. "वापरून बघा. नको वाटली तर आठ दिवसांनी घेऊन जातो."

मी ती उलटीपालटी करून पाहिली. एकात एक बसवलेल्या दोन खुर्च्या, म्हणजे वजन पेलतं. बसायच्या जागी मोठं भोक कापलेलं आणि टोचू नये म्हणून कडेला सायकलची जुनी ट्यूब. फुकट देतोय म्हटल्यावर तर मी आणखी सावध झालो. संस्था कोणती? मागे कोण आहे? फोटो कुठे छापून आणता?

तो हसायला लागला. "फोटो? संडासातला? कोण काढू देईल, भाऊ!"

मग त्याने सांगितलं. लग्नाच्या पंगतीत तो पाणी वाढतो. भर उन्हात म्हाताऱ्या बायका पेला उपडा घालतात, हे त्याला दिसायचं. त्याला कोण कारण सांगणार? म्हणून त्याने बायकोला विचारायला लावलं. उत्तर आलं… गुडघे वाकत नाहीत, खाली बसलं की उठता येत नाही. जायला नको म्हणून प्यायलाच नको.

आणि मांडववाल्याकडे प्रत्येक लग्नसराईत पाठ मोडलेल्या, पण पाय धड असलेल्या खुर्च्या भंगारात जायच्या. त्या आता हा नेतो. पंक्चरवाला ट्यूब देतो. म्हातारं माणूस दिसलं की आधी पाण्याचंच विचारतो, आसपासच्या बऱ्याच गावांत त्याच्या खुर्च्या पोचल्यात.

तरी मला पटेना. म्हटलं, असं काही असतं तर अक्काने मला नसतं सांगितलं? तिच्याकडे पाहिलं, तर ती अंगणाकडे तोंड करून बसलेली.

"तुले काय सांगू रे भाऊ?" एवढंच म्हणाली. आणि सादिकला, "ठेवी दे खुर्ची."

गाडीच्या नंबराचा फोटो मी तिथेच डिलीट केला.

काल अक्काचा फोन आला. आणखी एक खुर्ची हवी होती… फैजपूरला, लेकीच्या घरी ठेवायला.

दोन वर्षं ती लेकीकडे राहायला गेलेली नाही. बस सोसत नाही, म्हणायची. आम्ही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं की जावयाने काहीतरी बोलून दुखावलंय. मी तर त्याच्याशी धड बोलणंच सोडलं होतं. तो बिचारा लग्नकार्यात समोर आला की मी मोबाईलमध्ये डोकं घालायचो.

आज सकाळी त्याला फोन केला. माफी कशी मागायची ते सुचेना. शेवटी दहा मिनिटं त्याच्या केळीच्या बागेची चौकशी करत राहिलो… तोही बिचारा सगळं सांगत राहिला.

सादिकभाईंचे आभार मानायचे त्या दिवशी राहूनच गेले. आम्ही अक्काला पाणी पी म्हणून रागावत राहिलो. ती का पीत नाही, हा विचार त्यांनी केला. म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर… मनापासून आभार.