निरीक्षकाचं जेवण

सदर इसम रसेल काहाले, वय पन्नास, राहणार हिलो, हवाई, हे थर्माकोलसारख्या फोमच्या डब्यांवरील बंदीचे अंमलबजावणी अधिकारी असून जनतेत मिळूनमिसळून काम करतात.

मंगळवारी ते हारुए मावशींच्या खानावळीत शिरले, गल्ल्यामागचे उरलेसुरले फोमचे डबे जप्त केले आणि मावशींच्या हातात दंडाची नोटीस ठेवली. मग नेहमीप्रमाणे जेवण मागितलं : भात, वर मांसाची टिक्की, अंडं आणि भरपूर रस्सा.

"देते की," मावशी म्हणाल्या. "भांडं आणलंयस?"

"कागदी डबा नाही का?"

"आहे. पण त्यातून रस्सा गळतो. साहेबांचा गणवेश खराब करायची माझी काय प्राज्ञा?"

"मावशी, कायदा मी नाही केला."

"पण दंड तूच केलास ना? मग आता कायदाच खा."

रांगेतलं कोणी हसलं नाही, कोणी मध्येही पडलं नाही. तेव्हापासून हिलोतल्या एकाही खानावळीत त्यांच्यासाठी जेवण शिल्लक नसतं.

हल्ली ते सरकारी गाडीत बसून कपातले तयार नूडल्स खातात. हा माल बेटाबाहेरूनच पॅकबंद येतो, म्हणून त्याला बंदी लागू नाही.

कप फोमचा असतो.